माझ्या कार्डावरचे तास

अकरा तारखेला मी एका डोळ्याला पट्टी बांधून सात तास चाळीस मिनिटं ट्रक चालवला. हे मी नाही म्हणत, सरकारी पत्र म्हणत होतं.

पत्र वाचून दाखवलं शेजारच्या शिंपीणबाईंनी. माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते, डाव्याची पाळी अजून यायची होती, आणि लांबचं थोडंफार दिसू लागलं असलं तरी छापलेली अक्षरं मला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसायची. शिंपीणबाई दुपारी माझ्या डोळ्यात औषधाचे थेंब घालायला येत. तोंडात टाचण्या धरायची सवय, त्यामुळे बाई सगळंच दातांतून वाचतात.

"अकरा तारीख... सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांपासून... अबब, सात तास चाळीस मिनिटं! अहो, त्या दिवशी तुम्ही दवाखान्यात होता ना? मीच तर आले होते तुम्हाला सोडायला."

"मी दवाखान्यातच होते," मी म्हटलं. "सरकारला माझी जुळी बहीण सापडली असेल."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. पत्रात पुढे लिहिलं होतं, की डॉक्टरांनी सहा आठवडे वाहन चालवायला मनाई केलेली असताना माझं चालक-कार्ड त्या दिवशी आणि नंतर आणखी सात दिवस वापरलं गेलेलं दिसतं, तरी येत्या बुधवारी कार्यालयात हजर राहून खुलासा करावा. शिंपीणबाई अजून डोळे पुसत हसत होत्या. माझं हसू मात्र अर्ध्यावर थांबलं, कारण माझं कार्ड कुठे आहे ते मला तेव्हा आठवलं. ते आमच्या ह्यांच्या गाडीत होतं.

आता हे कार्डाचं प्रकरण काय, ते सांगते. लांब पल्ल्याच्या प्रत्येक ट्रकमध्ये एक मशीन बसवलेलं असतं. चालवणाऱ्यानं आपलं कार्ड त्यात घातलं की ते तास मोजायला लागतं. दिवसाला नऊ तास चालवायचं, मध्ये पाऊण तास थांबायचं आणि मग सलग अकरा तास विश्रांती घ्यायची. नऊच्या वर गेलात की मशीन कोकलतं, आणि त्याची नोंद कार्डावर कायमची राहते. मशीनला खाचा दोन. एक चालवणाऱ्याची, एक जोडीदाराची. आमच्या गाडीत बारा वर्षं दोन्ही खाचा भरलेल्या असायच्या. हो, मी ड्रायव्हर. बाई ट्रक चालवते म्हटल्यावर लोक काय काय बोलले ते सोडा. त्यांची तोंडं दमली, मी नाही दमले.

एक चालवणार, दुसरा मागच्या बाकावर झोपणार, असं आमचं चाले. दर दोन तासांनी एक प्रश्न विचारायचा: "डोळे किती?" उत्तर दहापैकी द्यायचं. दहा म्हणजे टक्क जागं, एक म्हणजे पापणीला काडी लावायची वेळ. आकडा पाचाच्या खाली आला की चाक सोडायचं, तिथे वाद नाही, मोठेपणा नाही. लग्नात एकमेकांना काय काय वचनं दिली ती आम्हाला दोघांनाही आता धड आठवत नाहीत, पण हे एक आम्ही पाळलं. डोळ्यांचा आकडा खोटा सांगायचा नाही.

झोपेत ह्यांना एक खोड होती. गाडीला जरा गचका बसला की मागून अर्धवट झोपेत विचारायचे, "कुठं पोचलो?" मी म्हणायचे, "झोपा. मी आहे." की लगेच घोरणं सुरू. मी नेमकी कुठे पोचले आहे ते त्यांना कधीच नको असायचं.

मग माझ्या डोळ्यांवर सारा, म्हणजे धुरकट पडदा, यायला लागला. समोरून येणाऱ्या गाडीचा एक दिवा मला तीन दिसू लागला. एका संध्याकाळी मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हटलं, "डोळे शून्य." त्यानंतर मी चाकाला हात लावला नाही. त्यालाही दीड वर्ष झालं. उतरताना मी कार्ड पर्समध्ये टाकायला निघाले, तर हे म्हणाले, "राहू दे गाडीत. तुझी जागा आहे ती." मी विरघळलेच. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, सगळा रस्ता मला ओळखून आहे, पण ह्यांच्या असल्या दोन शब्दांवर विरघळायचं हा माझा जुना रोग.

तेव्हापासून हे एकटे चालवत होते. सोमवारी निघायचे, शुक्रवारी दुपारी घरी. वाटेत थांबले की फोन. मी विचारायचे, "डोळे किती?" हे म्हणायचे, "आठ."

दीड वर्ष आठ! पत्र हातात धरून मी पलंगावर बसले आणि मला माझीच लाज वाटली. बारा वर्षांत ह्या माणसाचे डोळे दुपारच्या जेवणानंतर कधी सहाच्या वर गेले नव्हते. आणि ट्रक चालवलेल्या बाईला एवढंही कळू नये, की तो रस्ता एकट्या माणसानं नऊ-नऊ तासांत केला तर घरी यायला शनिवारची संध्याकाळ होते? बाकीच्या एकट्या ड्रायव्हरांच्या बायका शनिवारी वाट बघायच्या. मी शुक्रवारी दारात उभी राहून मिरवायचे. आमचे हे गाडी कशी चालवतात बघा! एकदा फोनवर म्हणालेसुद्धा होते हे, की कदाचित शनिवार होईल. त्यावर मी किती फणकारले होते! "शनिवार? मग मी तोवर काय भिंतींशी बोलू?" त्यानंतर शनिवारचं नाव निघालं नाही. मला सगळं कळलं असतं हो. मला ते कळून घ्यायचंच नव्हतं.

शुक्रवारी दुपारी तीनला हे आले. मी ठरवून ठेवलं होतं, दारातच फैलावर घ्यायचं. पण ह्यांनी पिशवी ठेवली, कोपरापर्यंत साबणानं हात धुतले, नखं घासली आणि म्हणाले, "आडवी हो बघू. तीनचे थेंब राहिलेत." ह्यांचा हात एवढा मोठा, की त्यात ती औषधाची बाटली दिसतसुद्धा नाही. पण शिंपीणबाई घालतात तेव्हा निम्मं औषध गालावर जातं आणि ह्यांचा एक थेंब चुकत नाही. अंगठ्यानं खालची पापणी अलगद ओढली, थेंब टाकला, म्हणाले, "मिट. पाच मिनिटं उघडायचा नाही."

डोळे मिटलेल्या माणसाला भांडता येत नाही. पण बोलता येतं.

"अहो," मी म्हटलं, "अकरा तारखेला मी कुठे होते?"

"दवाखान्यात. का?"

"आणि माझं कार्ड कुठे होतं?"

बाटलीचं झाकण लावत होते, तो आवाज थांबला. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, माझ्या उशाशी बसले असावेत.

"पत्र आलं का?" त्यांनी विचारलं.

"आलं. बुधवारी बोलावलंय. आता सगळं सांगायचं. आणि मला पाच मिनिटं डोळे उघडता येणार नाहीत, तेव्हा माझ्या तोंडाकडे बघून शब्द गिळायची गरज नाही."

मग त्यांनी सांगितलं. स्वतःचे नऊ तास संपले की आपलं कार्ड काढायचं, माझं घालायचं. मशीनच्या लेखी मी चालवते आहे आणि हे मागे झोपलेत. आणखी पाच तास, कधी सात-आठ. ट्रकच्या मालकाच्या तक्त्यावर त्या फेरीपुढे अजून 'दोन माणसं' असंच लिहिलेलं होतं. मी उतरले हे ह्यांनी तिथे सांगितलं नव्हतं, आणि मालकानंही डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं, कारण माल शुक्रवारी पोचत होता.

"का पण? एवढं काय अडलं होतं?"

"तू एकटी असतेस," हे म्हणाले. "ऑपरेशनच्या आधी तर तुला गॅस पेटलाय की नाही तेही दिसत नव्हतं. एक दिवस आधी आलो तर काय बिघडलं?" मग अगदी हळू म्हणाले, "आणि कार्ड घातलं ना, की मशीनवर तुझं नाव येतं. वाटायचं, तू आहेस गाडीवर."

माझ्या मिटलेल्या डोळ्यातून पाणी आलं आणि औषध गेलं वाहून. ह्यांनी रुमालानं गाल पुसला. मी त्यांचं मनगट धरून ठेवलं.

"डोळे किती असायचे?"

"आठ."

"अहो."

"पाच. चार."

"खरं सांगा, नाहीतर मी आत्ता उठते."

"दोन," हे म्हणाले. "अकरा तारखेला दोन होते. दवाखान्यातून तुझा फोन येईल म्हणून जागा होतो आदल्या रात्रीपासून. एक मोठा पूल आहे बघ नदीवरचा, आपण थांबून चहा प्यायचो त्याच्या अलीकडे. तो पूल मागे गेला. मला आठवत नाही तो. पूल आला कधी, गेला कधी, काही आठवत नाही."

मला तो पूल माहीत आहे. त्याचे कठडे माझ्या कमरेएवढे आहेत.

पाच मिनिटं झाली तेव्हा मी उठून बसले आणि मग जे काही बोलायचं ते बोलले. ते इथे सांगत नाही, शिंपीणबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलंय तेवढं पुरे. ह्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "बुधवारी फक्त एक कर. मीच चालवत होते, असं लिहून दे. तुला रागावतील, कार्ड रद्द करतील. तसंही तू आता कुठे चालवणार आहेस? आणि कार्डच नसेल तर माझंही हे आपोआप बंद होईल. पण खरं सांगितलंस तर माझं लायसन जातं. ह्या वयात मी दुसरं काय करू? मला दुसरं काही येतं का?"

"बघते," मी म्हटलं. एवढं बोलून होतं न होतं, तोच हे एक बूट पायात आणि एक हातात अशा अवस्थेत खुर्चीवरच झोपले.

शनिवार ते मंगळवार मी खरंच विचार केला. वाटायचं, सही करून टाकावी आणि सोडवावं एकदाचं ह्या माणसाला. तीस वर्षं चाक धरलेले हात. त्यांना घरी बसवणारी मी कोण? मग तो पूल डोळ्यांसमोर यायचा.

बुधवारी गाडी दुरुस्तीला लावून हे माझ्याबरोबर आले. त्या कार्यालयाला ड्रायव्हर लोक तासांचं ऑफिस म्हणतात. लांबलचक व्हरांडा, भिंतीला टेकवलेले बाक, आणि बाकांवर कागदांच्या फायली मांडीवर घेऊन बसलेले वीसेक ड्रायव्हर, सगळ्यांचे चेहरे निकाल लागायच्या दिवशी पोरांचे असतात तसे. माझा नंबर पुकारल्यावर हे म्हणाले, "सही करून ये. मी आहे इथे." मी काचेचं दार ढकलून आत गेले.

आतल्या तपासणीस बाई माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या होत्या. चष्मा डोक्यावर सरकवलेला, टेबलावर अर्धा प्यालेला चहा. माझा सुजलेला डोळा बघून त्यांनी स्वतः उठून खिडकीचा पडदा ओढला. बरं वाटलं.

"काकू, सरळ सांगते," त्या म्हणाल्या. "इथे दोन शक्यता आहेत. एक, मनाई असताना तुम्ही गाडी चालवलीत. मग इथे सही करा, तुमचं कार्ड रद्द होईल आणि हे प्रकरण आज संपेल. दुसरी तुम्हीच सांगायची." आणि त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला, पेन उघडून दिलं.

मी म्हटलं, "मला वाचता येत नाही नीट. काय लिहिलंय?"

त्यांनी दुसरा मोठा कागद काढला आणि माझ्या त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्याजवळ धरला. त्यावर दोन पट्टे होते, एकाखाली एक. वरचा ह्यांचा, खालचा माझा. "काळं म्हणजे गाडी चालवणं, पांढरं म्हणजे विश्रांती," बाईंनी समजावलं. अक्षरं दिसत नव्हती, पण काळं-पांढरं मला दिसलं. ह्यांच्या पट्ट्यावर दर दिवशी लांबरुंद पांढरं. अकरा तास, अकरा तास, अकरा तास. मशीनमध्ये पलंगाचं एक बारीक चित्र असतं विश्रांतीसाठी, तेसुद्धा प्रत्येक पांढऱ्यावर छापलेलं. माझ्या पट्ट्यावर मात्र काळ्यावर काळं. ह्यांची दीड वर्षांची सगळी जाग माझ्या नावावर जमा होती.

"म्हणजे मी इथे सही केली, तर हे झोपले होते असं होणार," मी म्हटलं.

"कागदावर तसंच होईल, काकू."

"आणि उद्या ह्यांना काही झालं, तर लोक म्हणणार, ड्रायव्हर तर चांगला झोपलेला होता."

बाईंनी पट्ट्यांचा कागद खाली ठेवला.

मी पेन हातात धरलं होतं. खरं सांगते, सही करणारही होते. मनाची तयारी करायला म्हणून मी दाराकडे बघितलं. काचेपलीकडे बाकावर आमचे हे बसले होते. म्हणजे बसलेले नव्हतेच. भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपले होते. मांडीवरची फाईल घसरून खाली पडली होती आणि शेजारचा ड्रायव्हर ती न वाजवता उचलून परत मांडीवर ठेवत होता. भरदिवसा, एवढ्या माणसांत, ज्या दिवशी स्वतःच्या पोटावर पाय यायचा त्या दिवशी, माझा नवरा पाच मिनिटंसुद्धा जागा राहू शकला नव्हता. किती म्हातारे दिसत होते! मला वाटलं, धावत जाऊन त्यांच्या मानेखाली काहीतरी द्यावं.

"ते कोण?" बाईंनी माझी नजर बघून विचारलं.

"ते माझे मिस्टर," मी म्हटलं. "तुमच्या कागदावर अकरा-अकरा तास झोपलेले असतात ना, तेच."

आणि पेनाला टोपण लावून मी सगळं सांगितलं. डोळ्यांच्या आकड्यांपासून पुलापर्यंत. माझ्या शुक्रवारच्या हट्टाचंही सांगितलं, ते लपवायचं कशाला? बाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी त्यांनी डोक्यावरचा चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "तीन महिने त्यांना गाडी चालवता येणार नाही. त्याहून कमी माझ्या हातात नाही. तुमच्या मालकांना वेगळं पत्र जाईल, त्या तक्त्याचं उत्तर त्यांनीच द्यायचं. तुमचं कार्ड मात्र गाडीतून काढा आणि स्वतःजवळ ठेवा."

बाहेर येऊन मी ह्यांना हलवलं. जागे होता होता म्हणाले, "केलीस सही?"

"नाही."

बसमध्ये हे खिडकीशी बसले आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिले. घरी आल्यावर जेवले नाहीत, भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मला वाटलं, रागावून पडलेत. तासाभरानं वाकून बघितलं तर गाढ झोप. मी शिंपीणबाईंकडे जाऊन म्हटलं, "बाई, आज शिलाई मशीन बंद ठेवा. हात जोडते." त्यांनी कधी नव्हे ते काही विचारलं नाही, हातानं टाके घालत बसल्या. मी भांडी घासली नाहीत, नळ सोडला नाही. हे सोळा तास झोपले.

दुसऱ्या दिवशी उठले, पलंगावर बसूनच म्हणाले, "माझं काम घालवलंस तू."

"घालवलं," मी म्हटलं.

"नवऱ्याची बाजू घ्यायची सोडून त्या बाईसमोर सगळं ओकलीस."

"ओकले. अजून रागवायचं असेल तर रागवा, मी कुठे जात नाही. पण माझंही ऐका. तुम्ही पुलावरून खाली गेला असतात, तर शुक्रवारी दारात मी कुणाची वाट बघितली असती? मला विधवेसारखं वागता येणार नाही, मला सवय नाही त्याची. मला तुम्ही शुक्रवारी नकोत. मला तुम्ही हवे आहात. वार कुठलाही चालेल."

बोलता बोलता मला रडू फुटलं आणि पुढचं सगळं भांडण त्यात वाहून गेलं. हे म्हणाले, "रडू नकोस. थेंब वाया जातात." आणि उठून हात धुवायला गेले.

तीन महिने ह्यांनी वखारीत माल मोजून घ्यायचं काम केलं. सुरुवातीला खांदे पडलेले असायचे, वखारीतून ट्रक बाहेर पडला की त्याच्याकडे बघत उभे राहायचे म्हणे. पण घरी येऊन झोपायचे. डोळ्यांखालची काळी वर्तुळं कधी गेली ते मलाही कळलं नाही. मधल्या काळात माझ्या डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा मला ह्यांच्या कानाजवळचे केस दिसले. सगळे पांढरे. मी म्हटलं, "अहो, हे कधी झालं?" म्हणाले, "तू बघत नव्हतीस तेव्हा."

मग जप्त झालेलं ह्यांचं कार्ड परत मिळालं आणि मालकानं ह्यांना एकट्या माणसाची फेरी दिली, नऊ तासांच्या हिशोबानं. परतायचा दिवस शनिवार, कधी रविवार. पहिल्या फेरीला मंगळवारी दुपारी फोन आला.

"डोळे किती?" मी विचारलं.

"आठ."

मी नुसती गप्प बसले. तिकडून गाड्यांचे आवाज येत होते.

"सहा," हे म्हणाले. "साडेपाच म्हण."

"बरं," मी म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर पदरात तोंड खुपसून रडले. साडेपाचाला कुणी रडत असेल का? मी रडले.

त्यानंतर आकडे वरखाली होऊ लागले, माणसाचे व्हायला हवेत तसे. आणि परवाच्या शुक्रवारी, फेरी जवळची म्हणून हे त्याच दिवशी यायचे होते, तर दुपारी एकच्या सुमाराला मी कपडे वाळत घालत होते तेव्हा फोन वाजला.

"डोळे तीन," हे म्हणाले. मी विचारायच्या आधीच. "अजून अडीच तास शिल्लक आहेत मशीनवर, पण नाही जमणार. गाडी लावली. काल माल उतरवायला फार उशीर झाला, धड झोप नाही. आता अकरा तास काढतो इथेच. उद्या येतो."

"कुठे लावली?"

गाड्या थांबतात तो मोठा तळ सांगितला त्यांनी. तिथून ट्रकनं सरळ निघालं तर घर अडीच तास. तीन आकडा असताना तेवढं अंतर सोडून थांबणं काय असतं, ते ड्रायव्हरलाच कळेल. माझ्या जिभेवर जुन्या सवयीनं 'म्हणजे आज नाही?' आलंच होतं. मी ते गिळलं.

"झोपा मग," मी म्हटलं. "फोन बंद करून झोपा."

बादलीतले कपडे तसेच टाकून मी अंडी उकडली, बटाटे उकडले, थर्मासमध्ये चहा भरला आणि शिंपीणबाईंना सांगितलं, मी उद्या येते. "कुठे निघालात?" "नवऱ्याला भेटायला," मी म्हटलं, तर बाई टाचण्या सांभाळत हसल्या.

बसनं उतरले तेव्हा उन्हं कलली होती. तळावर चाळीस-पन्नास ट्रक ओळीनं उभे, आरशांना वाळत घातलेले टॉवेल, नळावर दात घासणारा एक उतारवयाचा ड्रायव्हर. आमची गाडी तिसऱ्या ओळीत होती. दाराची एक किल्ली अजूनही माझ्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे, ती मी कधी काढली नाही. आवाज न करता दार उघडलं. पायरी चढताना गुडघा कुरकुरला, पण हाताला तो दांडा बरोबर सापडला.

हे मागच्या बाकावर झोपले होते, बूट काढून, अंगावर नीट पांघरूण घेऊन. मी डबा खाली ठेवला आणि चाकामागच्या माझ्या जागेवर बसले. समोर मशीनवर पलंगाचं चित्र होतं आणि त्यापुढे आकडे: चार तास छत्तीस मिनिटं. खरे चार तास, खरी छत्तीस मिनिटं. जोडीदाराची खाच रिकामी होती. माझं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. डॉक्टर म्हणतात, बघू, घाई नको. मलाही घाई नाही. मी नुसती काचेतून बघत बसले. दूरवरच्या पाटीवरची अक्षरं मला स्पष्ट वाचता येत होती.

शेजारच्या ट्रकनं इंजिन चालू केलं आणि आमची गाडी किंचित हादरली. मागे पांघरूण सळसळलं.

"कुठं पोचलो?" ह्यांनी अर्धवट झोपेत विचारलं.

"झोपा," मी म्हटलं. "मी आहे."

आणि लगेच घोरणं सुरू झालं.